शून्य नंबरवर सराव

सोमवार, ५ फेब्रुवारी. सकाळ.

हो, बंद करून परत चालू केला! केला! वायरी काढून घातल्या, मागच्या जाळीत फुंकर मारली, डाव्या बरगडीत एक गुद्दाही घातला. कुणी शहाणपणा शिकवायला येऊ नये. आयुष्यभर माणसं सरळ केली मी, हा एक पत्र्याचा डबा सरळ होत नाही म्हणजे काय?

आमच्या बॉक्सिंग क्लबातला कंप्युटर. रिंगच्या मागे, टॉवेलांच्या कपाटाला टेकून असतो. चालू केला की पडद्यावर एक गोल फिरत बसतो. विचार करतो म्हणे. माझ्या रिंगमध्ये इतका विचार करणारा पहिल्या मिनिटात आडवा होतो.

रोग मी शोधून काढला. आत दोन कप्पे आहेत, सी आणि डी. सी गच्च भरून लाल झालाय. डी निळा, अर्धा रिकामा, आरामात. लाल म्हणजे वजन वाढलंय. वजन वाढलेल्या पोराला मी काय करतो? घाम गाळायला लावतो. इथंही तेच. नको ते काढायचं, सी मोठा करायचा, जुनी सिस्टिम उपटून नवी टाकायची. दुपारपर्यंतचं काम.

डी मध्ये भाचीचे व्हिडिओ आहेत. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची पोरगी. क्लबात सगळे हातोडी म्हणतात. नाव मीच ठेवलं. २५ तारखेला तिची निवडीची लढत, समोर ती डावखुरी. याआधी दोनदा हिने तिचा मार खाल्लाय. पुढच्या वर्षी वयात बसत नाही, म्हणजे ही शेवटची. म्हणून दोन वर्षं खपून डावखुरीच्या सगळ्या लढती गोळा केल्या पोरीनं. कुठल्या ठोशाआधी खांदा पडतो, कुठे पाय अडकतो, सगळं कापून, खुणा करून ठेवलंय.

हातोडी म्हणाली, मामा, लढत होईपर्यंत मशीनला हात लावू नकोस. हळू आहे तर हळू राहू दे.

मी म्हणालो, बरं.

बरं म्हणजे ऐकलं. मान्य केलं असं नाही.

संकल्प : रागवायचं नाही. मारायचं नाही. चौकातल्या चष्म्याकडे तर मेलो तरी जायचं नाही.

सोमवार, दुपार.

रागावलो. चष्म्याकडे जाऊन आलो.

चष्म्या म्हणजे ज्याच्या दुकानातून हा डबा घेतला तो. बिलावर आणि खोक्यावर लिहिलंय डिस्क पाचशे जीबीची. आज आत बघितलं तर चारशे पासष्ट. पस्तीस कुठे गेले? कोणी खाल्ले?

चष्म्या म्हणाला, काका, कंपनी हजारानं मोजते, मशीन एक हजार चोवीसनं मोजतं, म्हणून कमी दिसतं. कुणाचं काही गेलेलं नाही.

हजारात एक हजार चोवीस असतात असं ज्या शाळेत शिकवतात, तिथून मी सातवीत पळालो ते बरंच केलं.

कॉलर धरली. तो म्हणाला कॉलर सोडा. मी म्हणालो पस्तीस काढ. त्यानं कीबोर्ड उगारला. मी खाली वाकलो, सवयच आहे. मागे एक गिऱ्हाईक माउस बघत उभं होतं, त्याच्या कानावर बसला. गिऱ्हाइकानं चष्म्याला धरलं. काउंटरची काच गेली. ती माझ्या कोपरानं गेली असं चष्म्या म्हणतो. कोपर माझं होतं, पण ढकललं त्यानं.

पस्तीस मिळाले नाहीत. पण बोलून आलो ते बरं वाटलं.

मंगळवार, ६ फेब्रुवारी.

चोर सापडले! चष्म्या नव्हताच. म्हणजे तोही आहे, पण हे वेगळे.

एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्यात डिस्कचा नकाशा दिसतो. सी आणि डी तर आहेतच, पण सीच्या अलीकडे एक बारका तुकडा आणि पलीकडे एक. ना नाव, ना अक्षर. एक शंभर एमबीचा, दुसरा पाचशे एमबीचा. गुपचूप बसलेत भिंतीला टेकून. एकावर काहीतरी इंग्रजीत लिहिलंय, दुसऱ्यावर तर तेवढंही नाही.

ही विचारत होती, ते तिथे कशासाठी आहेत हे माहीत आहे का तुम्हाला? ही म्हणजे बायको. जेवणाचा डबा घेऊन आली होती.

मी म्हणालो, माझ्या रिंगमध्ये नाव नसलेला माणूस दिसला की मी आधी बाहेर फेकतो, मग विचारतो तू कोण.

ही म्हणाली, हो, त्या तपासणीवाल्या साहेबांना फेकलंत तेव्हा क्लब अर्धं वर्ष बंद होता.

बायकांना जुनं फार आठवतं.

दोघांना उडवलं. सॉफ्टवेअर विचारत होतं, नक्की? परत, नक्की? मी म्हणालो अरे दाब. दाबलं. बंद करून चालू केलं.

मंगळवार, संध्याकाळ.

काळा पडदा. वर पांढरी एक ओळ. सुरू करण्याजोगं काही सापडत नाही असा अर्थ आहे, क्लबातल्या एका पोरानं वाचून सांगितलं. म्हणजे तो बारका तुकडा सगळ्यांना उठवायचा, हे आता कळतंय. तोंडानं सांगायला काय झालं होतं त्याला?

लाथ मारली. अंगठा सुजला. डब्याला पोचा आलाय, एवढं समाधान.

बुधवार, ७ फेब्रुवारी.

अंगठा वांग्याएवढा. बर्फ लावून बसलोय.

हिनं माझ्या नकळत चष्म्याला फोन केला. घरात फितुरी. वर त्याची काच भरून देऊ म्हणाली! चष्म्या तिला म्हणाला, काकू, डीला काही झालेलं नाही. मशीन आहे तसं माझ्याकडे पाठवा, डिस्क काढून दुसऱ्याला जोडतो, व्हिडिओ तासाभरात काढून देतो. मग काकांना काय उपटायचं ते उपटू दे. आणि स्वतः करणारच असतील तर सांगा, बाकी एकही डिस्क जोडलेली ठेवू नका.

गोड बोलतोय. कालपरवा कीबोर्ड उगारणारा माणूस आज तासाभरात काढून देतो म्हणजे त्यात डाव असणार. रिंगमध्ये समोरचा हसला की मी हनुवटी झाकतो.

ही म्हणाली, अहो, पोरीचा विचार करा.

तिचाच करतोय! नवी सिस्टिम टाकली की व्हिडिओ सुसाट पळतील. डावखुरी दुप्पट वेगानं दिसेल. सराव दुप्पट.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी.

हातोडी विचारत होती, मामा, मशीन का बंद आहे? म्हणालो, विश्रांती देतोय, दमलंय. माझ्याकडे बघत राहिली. मग बॅगेला एक हूक मारला, बॅग छताला लागून आली.

पण घाबरली नाही. का, ते मागाहून कळलं. मैत्रिणीला सांगत होती, बरं झालं सगळ्याची दुसरी प्रत खिशात मावणाऱ्या छोट्या डिस्कवर करून लॉकरमध्ये ठेवली, रविवारी तुझ्याकडे बसून बघू.

म्हणजे माझ्यावर भरवसा नाही. सख्ख्या मामावर. पंचिंग बॅग मीही मारली. मनगट मुरगळलं.

लॉकरच्या जादा किल्ल्या माझ्याकडे असतात. प्रत नीट आहे की नाही हे कुणीतरी मोठ्यानं बघायला नको? उद्या जोडून बघतो.

शनिवार, १० फेब्रुवारी. सकाळ.

आज निकाल. पेनड्राइव्हवर नवी सिस्टिम घेतली. छोटी डिस्कही जोडून ठेवली, म्हणजे घरचं माणूस जवळ असलेलं बरं.

नवी सिस्टिम बसायला तयार नाही. इथे बसवता येत नाही, कप्प्यांची रचना चुकीची आहे, म्हणते. नाचता येईना अंगण वाकडं. मोबाइलवर एकाचा व्हिडिओ बघितला. च्युइंगगम चघळत सांगतो. काळी खिडकी उघडायची, डिस्कांची यादी मागायची, हवी ती निवडायची, क्लीन म्हणायचं. खलास. पाटी कोरी. असा इलाज मला पटतो.

यादी आली. शून्य, एक, दोन. दोन नंबर पिटुकला, तो पेनड्राइव्ह, लगेच ओळखला. शून्य आणि एक मात्र दोन्ही चारशे पासष्ट. अगदी जुळे. डोकं चालवलं. क्रमवारीत एक नंबर म्हणजे कोण? मुख्य. हे शेंबडं पोरही सांगेल. आणि शून्य? शून्य म्हणजे काहीच नाही. जी डिस्कच नाही तिचं वजन चारशे पासष्ट कसं? तर ती एक नंबरची सावली. आमच्यातही आधी सावलीशी लढतात, मग माणसाशी.

म्हणून सराव म्हणून शून्यावर मारून बघितलं. क्लीन. लगेच हो म्हणाली. हात बसला.

मग एक नंबर. क्लीन. तीही हो म्हणाली. दोन ठोसे, दोन आडवे. इतकं सोपं असतं आणि चष्म्यासारखे लोक दुकानं थाटून बसतात!

शनिवार, दुपार.

सिस्टिम एक नंबरवर बसत नाही म्हणते. बाहेरून जोडलेल्यावर बसत नाही म्हणे. बाहेरून कुठे? मुख्य आहे ती! तीनदा सांगितलं. टेबलावर मूठ आपटली, टेबलाचा पाय गेला, खाली विटा लावल्या. शेवटी शून्यावर बसली. जे नाही त्याच्यावर बसली. या लोकांची खोपडीच उलटी.

पण बसली! गोल फिरत नाही. बटण दाबलं की हजर. सी मोठा केला, पोटात लाल काही नाही. उरलेल्या जागेत पोरीसाठी नवा डी पाडला. हिला फोन करून सांगितलं. ही म्हणाली, आणि व्हिडिओ? म्हणालो, सामान लागायला वेळ लागतो, माणूस घर बदलतो तेव्हा पहिल्या दिवशी चमचे सापडतात का?

नव्या डीला फॉरमॅट करायचं का विचारलं. करा. छोट्या डिस्कलाही करायचं का विचारलं. वापरायची असेल तर करावं लागेल म्हणाली, फार अदबीनं. वापरायचीच तर आहे. करा.

तिथे आधीच एक खूण केलेली असते, क्विक. क्विक म्हणजे उरकाउरकी. माझ्या क्लबात शंभर दंड म्हणजे शंभर, नव्वदला शंभर म्हणणाऱ्याच्या कानाखाली मी वाजवतो. क्विकवरची खूण काढली. दोन्हीकडची. कामाला लागली दोन्ही, अख्खी दुपार. कोपरान् कोपरा घासून घेतला असणार. जाऊन बटाटे सोलून आलो तरी चालूच.

रविवार, ११ फेब्रुवारी.

डी लख्ख. छोटी डिस्कही लख्ख. अजून सामान लागलेलं नाही.

हातोडीनं लॉकर उघडला आणि छोटी डिस्क मशीनजवळ बघितली. मी तोंड उघडायच्या आत दोन्ही डिस्का काढून पिशवीत घातल्या आणि पळत चष्म्याकडे गेली. रविवारी त्याचं दुकान बंद. घर शोधलं त्याचं. या वेगानं रिंगमध्ये पाय उचलले असते तर मागच्या दोन लढती हरली नसती, हे तिला सांगणार होतो. राहिलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी.

चष्म्याचा निरोप. क्लीन केल्यानं फक्त यादी पुसते, माल आत राहतो. वरवर फॉरमॅट केलं असतं तरी काढून दिलं असतं. पण काकांनी दोन्ही डिस्का मुळापासून घासल्या. असं करणारा माणूस त्यानं धंद्यात पहिल्यांदा बघितला म्हणे.

कौतुकच आहे हे एका परीनं.

आणि सगळं गेलं असंही नाही. सीच्या एका कोपऱ्यातून एक व्हिडिओ अख्खा निघाला. क्लबाच्या उद्घाटनातलं माझं भाषण. चाळीस मिनिटं. परत ऐकलं. चांगलं बोललोय.

हातोडी ओरडली असती तर बरं होतं. ग्लोव्ह्ज न घालता बॅग मारत बसली. बोटांची सालं निघाली. साखळीचा हूक छतातून उपटून बॅग खाली आली, तिच्याबरोबर पाट्याएवढं प्लास्टर. मग त्या पडलेल्या बॅगेवर बसून मारत राहिली.

मी म्हणालो, व्हायरस असणार.

तिनं बघितलं. मी टॉवेल मोजायला गेलो.

मंगळवार, १३ फेब्रुवारी.

धाकटी येऊन गेली.

धाकटी बेकरीत कामाला आहे. लहानपणी मी तिला बोट धरून शाळेत सोडायचो. आता पीठ मळून मळून तिचे हात माझ्या मांड्यांएवढे झालेत. आली ती बूट काढूनच आली, हातात घेऊन. म्हणाली, दादा, पोरीनं दोन वर्षं सणवार, लग्नंकार्यं सोडली त्या व्हिडिओंसाठी, आणि तू एका दुपारी भांडी घासल्यासारखं घासून टाकलंस?

मी म्हणालो, आधी शांत हो.

पहिला बूट चुकवला. दुसरा नाकावर. मग बाटली, मग बाकडं. बाकडं एकटीनं उचललं! पोरं टाळ्या वाजवत होती, हरामखोर. मग जवळ आली आणि उजव्या हाताचा एक सरळ ठोसा, खांद्यातून, कमरेसकट. कुणी शिकवला हिला? मी दोरावर जाऊन पडलो.

डोळा बंद झालाय. एका डोळ्यानं लिहितोय. ही कच्च्या बटाट्याच्या चकत्या लावते आहे आणि हसते आहे. मी बघितलं की थांबते.

जाताना धाकटी म्हणाली, पोरगी हरली तर तुझ्या क्लबाचं हे गोदाम पेटवीन.

पेटवील. ओळखतो मी तिला.

बुधवार, १४ फेब्रुवारी.

उपाय सापडला! इतके दिवस डोळ्यासमोर होता. म्हणजे उघड्या डोळ्यासमोर.

व्हिडिओ डिस्कवर गेले, डोक्यातले कुठे गेले? डावखुरीच्या सगळ्या लढती मी बघितल्यात. मीच डावखुरी होतो! रोज संध्याकाळी ग्लोव्ह्ज चढवतो, हेडगार्ड घालतो, डावखुरी जसं लढते तसं हुबेहूब लढतो. जिवंत व्हिडिओ. वीज लागत नाही, फॉरमॅट लागत नाही.

ही म्हणाली, अहो, या वयात? मी म्हणालो, वय डावखुरीचं धरायचं, माझं नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी.

पहिली बैठक. हातोडीला समजावलं, डावखुरी दोन जॅब मारते, वरच्या वर, आणि लगेच पोटात येते. नेहमी. म्हणून दोन जॅब दिसले की हात खाली, पोट झाक.

हातोडी म्हणाली, मामा, मला वाटतं ती तोंडावर येते.

मी म्हणालो, व्हिडिओ कुणाच्या डोक्यात आहेत?

तिनं ओठ आवळले आणि सुरुवात केली. मी दोन जॅब मारले, पोटात शिरलो. ती आधी माझ्या बरगडीत बोलली, मग कानावर, मग हनुवटीखाली. कवळी उडाली. रिंगबाहेर, पुसायच्या पाण्याच्या बादलीत. पोरांनी बादली ओतून शोधली.

तिचा राग उतरतोय हे चांगलंच आहे. मामा असतो कशाला?

शनिवार, १७ फेब्रुवारी.

डाव्या बाजूला झोपता येत नाही. उजव्या बाजूलाही. दोन जॅब, पोट. दोन जॅब, पोट. पोरगी आता झोपेतही हात खाली आणेल. शिकवायचं तर असं.

मंगळवार, २० फेब्रुवारी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणी मारलं? म्हणालो, भाचीनं. त्यांनी विचारलं, पोलिसांत जायचंय का? म्हणालो, मीच सांगितलं होतं मारायला. त्यांनी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते लिहा, हे असंच आहे. दोन बरगड्यांना चीर. पट्टा बांधलाय. हसायचं नाही, शिंकायचं नाही, डावखुरी व्हायचं नाही.

नसू दे. काम झालंय. पोरगी तयार आहे.

रविवार, २५ फेब्रुवारी. सकाळ.

निघतोय. कोट घातलाय, पट्टा त्याच्या आत. केसांना तेल. जिंकल्यावर फोटो काढतात, त्यात कोच बाजूला उभा असतो. डावा डोळा अजून जांभळा आहे, उजवी बाजू पुढे ठेवायची.

रविवार, संध्याकाळ.

घंटा झाली. मी कॉर्नरला. पहिल्याच मिनिटाला डावखुरीनं दोन जॅब मारले. मी ओरडलो, पोट! पोरीनं हात खाली आणले. शिकवल्यासारखे, एका क्षणात.

डावखुरी तोंडावर आली.

नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली ती रेफरीच्या शर्टावर. परत दोन जॅब. मी परत ओरडलो, पोट! परत हात खाली. परत नाक. गुडघा टेकला पोरीनं. रेफरीनं आकडे मोजले. उठली. मागे बसलेल्या हिचा आवाज आला, अहो, पोटात मारणारी ती मागच्या वर्षीची ठेंगणी! ही नव्हे!

ग्लोव्ह्ज दोघींचेही लालच होते. माणसाची चूक होऊ शकते. माझी झाली असं म्हणत नाही.

राउंड संपला. स्टूल ठेवलं, बोळा नाकाला लावायला गेलो. हातोडीनं माझा हात धरला. तोंडातलं रक्त बादलीत थुंकली आणि म्हणाली, मामा, खाली उतर.

मी म्हणालो, ऐक, आता ती नक्की पोटात—

ती म्हणाली, उतर म्हणते ना.

मी नियम सांगितला, कॉर्नरला कुणीही चालत नाही, नाव द्यावं लागतं. टेबलावरचे अधिकारी म्हणाले, दिलंय की. तुमच्या मिसेसनी गेल्या आठवड्यातच दुसरं नाव दिलंय. बघतो तर धाकटी पदर खोचत दोरातून वर येतेय. मला कोपरानं बाजूला सारलं, बरोबर चिरलेल्या बरगडीवर. पोरीचं नाक दोन बोटांत धरून पिळलं, रक्त थांबवलं. कानात काहीतरी एवढंसंच बोलली. मला ऐकू आलं नाही. एका हातानं मान धरून पोरीला उभं केलं, पिठाचा गोळा उचलावा तशी.

मी खाली दुसऱ्या रांगेत. समोर एका उंच माणसाचं डोकं.

दुसऱ्या राउंडला हातोडीचे हात हनुवटीजवळ होते आणि खाली आले नाहीत. डावखुरीचे दोन जॅब तिनं ग्लोव्ह्जवर घेतले. तिसरा तोंडावर आला तेव्हा तोंड तिथे नव्हतं. मग हातोडीनं उजव्या हाताचा सरळ मारला, खांद्यातून, कमरेसकट. तो ठोसा मी ओळखतो. माझा डोळा ओळखतो. डावखुरीच्या भुवईवर चीर पडली. ती चवताळली. दोघी मधोमध उभ्या राहून मारत सुटल्या, कोणी मागे जाईना. घाम आणि रक्त पहिल्या रांगेपर्यंत उडत होतं, लोक उभे राहिले. उंच माणूसही उभा राहिला. मी खुर्चीवर चढलो, खुर्ची घडीची निघाली.

तिसरा राउंड मी जमिनीवरून ऐकला. धाकटी एकदाही ओरडली नाही. घंटा झाली.

हातोडीचा हात वर केला. पंचांचा कौल दोन विरुद्ध एक. निवड झाली.

मी उठलो, कोट झटकला, केसांवरून हात फिरवला. रिंगपाशी गेलो. फोटोवाला म्हणाला, कोचना बोलवा. मी दोर धरला. पोरीनं आईला वर खेचली. धाकटी लाजत होती, एप्रनवर हात पुसल्यासारखे साडीला पुसत होती. हातोडीचं नाक सुजून भोपळा, दात लाल, पण हसत होती. मग हिलाही वर घेतलं. चष्म्यालाही घेतलं! तो कधी आला होता कोण जाणे.

मग हातोडी दोरातून वाकली. मला वाटलं, आता. तिनं मोबाइल पुढे केला. म्हणाली, मामा, आमचा एक काढ ना. मधलं बटण दाबायचं. दुसरं काही दाबू नकोस.

दाबलं.

मंगळवार, २७ फेब्रुवारी.

लोक विचारतात, निवड झाली, पेढे कुठे, कोच म्हणून कसं वाटतंय.

सांगणार नाही. लिहिणारही नाही. बास.